रात्री पॅसेजमध्ये आपोआप लागणारा दिवा: कुठला सेन्सर घ्यावा आणि नेमका कुठे लावावा?

कृष्णाकाठची
सांगलीत विश्रामबागेत आमचा पहिल्या मजल्यावर फ्लॅट आहे. सासूबाई ७८ वर्षांच्या. रात्री दोन-तीनदा उठतात. त्यांच्या खोलीपासून संडासापर्यंत नऊ-दहा पावलांचा पॅसेज आणि दिव्याचं बटण पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला (बिल्डरला साष्टांग नमस्कार). गेल्या महिन्यात अंधारात चपलेवर पाय पडून घसरल्या. हाड मोडलं नाही, पण मांडी पंधरा दिवस काळीनिळी. रात्रभर दिवा चालू ठेवला तर त्यांना झोप लागत नाही. शिवाय "लाईट फुकट जळतीया" म्हणून स्वतःच उठून बंद करायला जातात, म्हणजे आणखी एक फेरी.

म्हणून बाजारातून हालचाल ओळखणारा बल्ब आणला, नेहमीच्या पिन होल्डरला बसणारा. पहिल्या रात्री मी जागी राहून मोजलं. अकरा वेळा लागला. त्यातल्या तीन वेळा सासूबाई. बाकी वेळी पॅसेजमध्ये चिटपाखरू नव्हतं. आमचे हे म्हणतात बल्ब खराब आहे, बदलून आण. मला संशय येतोय की बाहेरच्या जिन्यावरून कुणी गेलं की तो लागतो. पण मध्ये भिंत आहे की! असं होऊ शकतं का?

कराडकर_७७
एक लिंबू आणि सात मिरच्या. सर्वांत जुना सेन्सर.

मिरज_वायरमन
ताई, बल्ब खराब नाही. चांगलाय म्हणूनच लागतोय. तुम्ही आणलाय तो रडारचा. खूण सांगतो. बल्बवर कुठं दुधी रंगाची फुगीर टिकली दिसती का, अर्धी गोटी बसवल्यासारखी, वर मधमाशीच्या पोळ्यागत घरं? दिसत नसंल तर रडार. त्याचा सेन्सर आत प्लास्टिकच्या मागं लपलेला असतोय, कारण त्याच्या लहरी प्लास्टिकमधनं, काचेतनं, लाकडी दारातनं आरपार जातात. चार-साडेचार इंची विटेची भिंतसुद्धा त्याला पुरती अडवत नाही. जिन्यावरचा माणूस त्याला कळणारच.

मिरजेत एका घरात संडासात असलाच बल्ब होता. आत कुणी नसताना लागायचा. घरच्यांनी दोन वायरमन बदलले, मी तिसरा. वर बघितलं तर वरच्या मजल्याचा पीव्हीसी पाईप छताखालनं गेलेला. वरच्यांनी फ्लश ओढला की पाईपातलं पाणी पळायचं आणि खालचा दिवा लागायचा. खालच्या वहिनींना वरच्यांचं सगळं टाईमटेबल पाठ झालं होतं.

तुम्हाला पीआयआर पाहिजे, म्हणजे अंगाची ऊब ओळखणारा, तो टिकलीवाला. भिंतीपलीकडचं त्याला काही दिसत नाही.

शाहूपुरीचे_मास्तर
वायरमनदादांनी निदान अचूक केलं आहे. मी साताऱ्याचा, तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे थोडं लांबण लावणार. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

दोन्ही सेन्सरना 'हालचाल ओळखणारे' म्हणतात, पण त्यांच्या कामाची तऱ्हा अगदी वेगळी. रडारवाला बोलतो आणि पीआयआर नुसता ऐकतो.

रडारवाला सूक्ष्मलहरी सोडतो, बऱ्याचदा ५.८ गिगाहर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला ५८० कोटी कंपनं. त्या समोरच्या वस्तूंवर आपटून परत येतात. वस्तू स्थिर असेल तर गेल्या तशाच येतात. हलत असेल तर कंपनसंख्या किंचित बदलते. गाडी जवळ येताना हॉर्न चढा आणि लांब जाताना उतरता ऐकू येतो, तोच हा डॉप्लर परिणाम; डॉप्लरने तो १८४२ मध्ये मांडला. सेकंदाला एक मीटर चालीने कुणी सरळ सेन्सरकडे आलं तर फरक पडतो जेमतेम ३९ कंपनांचा. ५८० कोटींत ३९! एवढा फरक जो पकडतो, त्याला पाईपातलं पाणी कळलं तर नवल नाही.

पीआयआरमधला 'पी' पॅसिव्हचा. तो स्वतः काहीही सोडत नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे अवरक्त किरण टाकत असते. हे किरण हर्शलला १८०० मध्ये सापडले: लोलकातून उन्हाचे रंग पाडले आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे थर्मामीटर ठेवला तर पारा चढला. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३२-३४ अंश. त्या तापमानाला सर्वांत जोरकस किरण साडेनऊ मायक्रोमीटरच्या आसपास निघतात, तांबड्या उजेडाच्या तेरा-चौदा पट लांब. अंधारात आपण सगळे मंद निखारे असतो, फक्त एकमेकांना दिसत नाही.

सेन्सरच्या आत असा स्फटिक असतो की तापमान *बदललं* की त्यावर विद्युतभार येतो. नुसतं गरम असून भागत नाही, बदलायला हवं. टूरमलीनचा खडा तापवला की राख ओढून घेतो हे तीनशे वर्षांपूर्वी डच व्यापाऱ्यांना ठाऊक होतं, त्यातलाच हा गुण. असे दोन तुकडे शेजारी शेजारी, पण उलटे जोडलेले. खोली हळूहळू तापली, ऊन आलं, तर दोन्हींवर सारखाच परिणाम होतो आणि एकाने दुसऱ्याचं खोडून टाकलं की हिशोब शून्य. माणूस आडवा गेला की आधी एकावर आणि मग दुसऱ्यावर ऊब पडते. वर, मग खाली, असा झोका मिळाला की दिवा लागतो.

ऊसवाला
मास्तर, मग ती मधमाशीची घरं कशाला?

शाहूपुरीचे_मास्तर
छान प्रश्न. ती भिंगं आहेत. फ्रेनेलने १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी जाड भिंग कापून पातळ पायऱ्यांचं केलं, त्याचीच ही चिमुकली नातवंडं. प्रत्येक घर खोलीचा एकेक पट्टा स्फटिकावर आणून टाकतं. त्यामुळे सेन्सरला खोली अखंड दिसत नाही. हाताची बोटं फाकवून त्यांच्यातून बघावं तशी दिसते: पट्टा, फट, पट्टा, फट. पट्टे *ओलांडणारा* माणूस लगेच पकडला जातो. सरळ सेन्सरच्या नाकासमोर चालत येणारा बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो, त्यामुळे उशिरा सापडतो. कृष्णाकाठताई, ही एक गोष्ट लक्षात ठेवा. तुमचं काम इथेच बनेल किंवा बिघडेल.

हे भिंग पॉलिथिनचं असतं, काचेचं नाही. खिडकीच्या काचेतून आपल्याला सगळं दिसतं, पण हे लांब अवरक्त किरण काच अडवते. म्हणून खिडकीच्या आतून अंगणाकडे तोंड करून पीआयआर लावला तर तो आंधळा.

मिरज_वायरमन
काचेचं सोडा, रंगाऱ्यांचं काय करायचं? दिवाळीआधी भिंतीबरोबर सेन्सरवरबी डिस्टेंपरचा हात मारत्यात. दोन ठिकाणी बघितलंय. मग फोन येतोय, "तुमचा सेन्सर बंद पडला."

पेठेतला_आजोबा
एका बटणासाठी केवढं हे शास्त्र. आमच्या आजीनं कंदिलावर काढली. झिरोचा बल्ब रात्रभर जाळा, काय बिल येणार आहे?

कृष्णाकाठची
आजोबा, झिरोचा बल्ब करून झाला. त्याच्या उजेडात त्यांना उंबरा दिसत नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय. आणि बिलाचं मी नाही, त्याच काढतात.

कराडकर_७७
हिशोब मी करतो, आमच्या सोसायटीत यावरून भांडण झालंय. ९ वॅटचा बल्ब रोज १२ तास म्हणजे महिन्याला सव्वातीन युनिट. सेन्सर लावून रात्रीत चाळीस मिनिटं जळला तर पाव युनिटसुद्धा नाही. पण सेन्सर स्वतः चोवीस तास जागा असतो. तो अर्धा वॅट खात असेल तर महिन्याला ०.३६ युनिट. म्हणजे घरात एका बल्बमागे वाचलं तर अडीच-पावणेतीन युनिट, त्यात सेन्सरचे पैसे सुटायला बराच काळ जातो. पार्किंगचं गणित वेगळं. आमच्याकडे २० वॅटच्या सहा ट्यूब रात्रभर जळायच्या, महिन्याला ४३ युनिट, तेही मोकळ्या स्कूटरींना उजेड दाखवायला. तिथे परवडतो. घरात सेन्सर पैशासाठी लावू नये, पाय मोडू नये म्हणून लावावा.

ऊसवाला
आमचं वाळवा तालुक्यात रान आहे. आठवड्यातले काही दिवस शेतीची लाईट रात्रीच येते, मोटार चालू करायला एक-दीडला जावं लागतं. बिबट्याची भीती. मोटारीच्या पेटीवर सोलरचा सेन्सरवाला दिवा लावलाय. एरवी मिणमिण, जवळ गेलं की भक्कन उजेड. उन्हाळ्यात झकास, पण श्रावणात चार दिवस आभाळ भरलं की पहाटेपर्यंत दम टिकत नाही. आणि दिवसा उसाची पानं तापून हलली की लागतो का, हे दिवसा कळत नाही म्हणून माहीत नाही, हा हा.

दिवा बघून बिबट्या पळतो असं मी म्हणणार नाही. मला तो आधी दिसावा एवढीच अपेक्षा.

शाहूपुरीचे_मास्तर
तुमचा बिबट्या आणि ताईंच्या सासूबाई एकाच यंत्राने टिपल्या जातात. आपल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पासारख्या जंगलात झाडाला बांधलेले ट्रॅप कॅमेरे असतात, त्यांतही बहुधा हाच पीआयआर. जनावर पुढून गेलं की ऊब हलते आणि फोटो निघतो.

बत्तीस_शिराळा
मास्तर, आमच्याकडे प्रश्न वेगळा. अंगणात साप आला तर दिवा लागेल का? आई तुळशीला पाणी घालायला पहाटे अंधारात जाते.

शाहूपुरीचे_मास्तर
भरवसा ठेवू नका. सापाचं रक्त थंड, म्हणजे त्याचं अंग जमिनीइतक्याच तापमानाचं. सेन्सरला फरकच दिसत नाही. दिवा आईंसाठी लागेल, आणि मग आईंना साप दिसेल. म्हणून सेन्सर असा लावा की त्या दाराबाहेर *पाऊल टाकायच्या आधी* अंगण उजळेल, तुळशीपाशी पोचल्यावर नाही.

मिरज_वायरमन
साप नाही, पण पाल लागती. पाल भिंगावर बसली की सेन्सरच्या हिशोबानं हत्ती आला. कोळी आणि किडेबी तसंच.

बरं, ताई, आता लावायचं बघू. पॅसेज सांगा कसाय. खोलीचं दार कुठं, संडास कुठं, लांबी किती, छत किती उंच.

कृष्णाकाठची
खोलीतून बाहेर आलं की डावीकडे वळायचं, सरळ पॅसेज, शेवटी संडास. पंधरा फूट असेल. आमच्या इथल्या वायरमनना विचारलं तर ते म्हणाले, संडासाच्या दारावर वर लावू, तिथे पॉईंट आहे.

मिरज_वायरमन
तिथं लावू नका. तिथनं सेन्सरचं तोंड पॅसेजभर सरळ येतंय, म्हणजे सासूबाई त्याच्या नाकासमोर चालत येणार. मास्तरांनी सांगितलं तेच. निम्मा पॅसेज अंधारात काढल्यावर दिवा लागंल. शिवाय संडासातनं गरम पाण्याची वाफ बाहेर आली की उगाच लागणार.

खोलीच्या दाराला लागून बाजूच्या भिंतीवर लावा, म्हणजे त्या बाहेर पडताना आडव्या जातील. नेहमी आम्ही सात-आठ फुटांवर लावतो. पण तुम्हाला नुसते पायच पकडायचेत, गुडघ्याएवढ्या उंचीवर लावला तरी चालतंय. मांजर आहे का?

कृष्णाकाठची
आमचं नाही. येतं मात्र रोज.

मिरज_वायरमन
मग रात्री गॅलरीचं दार लावत जावा.

जोडणीत एक फसगत हाय, तेवढी तुमच्या वायरमनला दाखवा. बऱ्याच सेन्सरना तीन वायरी असतात: तपकिरी, निळी, लाल. तपकिरीला फेज, निळीला न्यूट्रल आणि लाल ही दिव्याकडं जाणारी. आपल्याकडं जुन्या वायरिंगात लाल म्हणजे फेज असं हाताला बसलंय, त्यामुळं घाईत लालला फेज देत्यात. खोक्यावर चित्र असतंय, ते बघूनच जोडायचं. मेन बंद करून.

आतली बटणं दोन-तीन असतात. एकावर वेळ. ती एक मिनिटाच्या खाली नको, वय झालेल्या माणसाला. दुसऱ्यावर सूर्य आणि चंद्र, ते उजेडाचं: चंद्राकडं फिरवलं की फक्त अंधारातच लागणार. आणि खोक्यावर १२०० वॅट लिहिलेलं बघून खूश होऊ नका, ते जुन्या तारेच्या बल्बचं. एलईडीचा आकडा त्याच्याखाली बारीक अक्षरात असतोय, बराच कमी. एलईडी पेटताना क्षणभर लय करंट ओढतोय, त्यानं रिलेचे, म्हणजे सेन्सरच्या आतल्या आपोआप चालणाऱ्या बटणाचे, पॉईंट चिकटतात आणि मग दिवा कायमचा चालू. एका दिव्याला काही होत नाही, पार्किंगला दहा-बारा एकाच सेन्सरवर टाकत्यात तिथं होतंय.

कराडकर_७७
आमच्या पार्किंगला नेमकं हेच झालंय. भांडणाचं मूळ सापडलं.

माझी एक तक्रार: ऑफिसच्या संडासात पीआयआर आहे. निवांत बसलं की दोन मिनिटांत काळोख. मग हवेत हात हलवायचे, आरती ओवाळल्यासारखे. यावर काही उपाय?

शाहूपुरीचे_मास्तर
बसलेला माणूस ऊब देतो, पण ती *बदलत* नाही. आता नवे रडार येतात, २४ किंवा ६० गिगाहर्ट्‌झचे, मिलिमीटरच्या घरातली हालचाल पकडणारे. श्वासाने छाती हलते तेवढीसुद्धा त्यांना पुरते, म्हणून त्यांना हालचालीचे नाही तर 'उपस्थिती'चे सेन्सर म्हणतात. फक्त आपल्याकडे डोक्यावर पंखा फिरत असतो आणि त्यांना तोही जिवंत वाटतो. पीआयआरला पंख्याचं काही नसतं. पाती हवेइतक्याच तापमानाची, त्याच्या लेखी ती नाहीतच.

बत्तीस_शिराळा
रडारच्या लहरींचा म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो का? गावात एकजण म्हणत होता.

शाहूपुरीचे_मास्तर
घरगुती सेन्सरची ताकद मिलिवॅटमध्ये असते, खिशातल्या मोबाईलपेक्षा कितीतरी कमी. आणि पीआयआर तर काही सोडतच नाही, त्याचा प्रश्नच येत नाही.

पेठेतला_आजोबा
मे महिन्यात तुमच्या सांगलीत भिंतीसुद्धा चाळिशीला जातात. मग हे ऊब बघणारं यंत्र काय करतं?

शाहूपुरीचे_मास्तर
आजोबा, तुम्ही माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसला असतात! बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. भिंत आणि कातडी सारख्याच तापमानाची झाली की सेन्सरला माणूस भिंतीत मिसळलेला दिसतो. पल्ला घटतो, सहा मीटरवरचा माणूस तीन मीटरवर सापडतो. दुपारी हे जास्त जाणवतं, रात्री कमी, पण गच्चीखालच्या मजल्यावर भिंती रात्रीही तापलेल्या असतात. म्हणून खोक्यावरचा पल्ला खरा धरू नये. पंधरा फुटांच्या पॅसेजला दोन सेन्सर लावलेले बरे.

कृष्णाकाठची
तीन आठवड्यांनी येतेय, खूप जणांनी निरोप पाठवून विचारलं म्हणून.

रडारचा बल्ब काढून गच्चीच्या जिन्यात लावला, तिथे तो गुणी बाळ झालाय. पॅसेजमध्ये खोलीच्या दाराशेजारी, जमिनीपासून दीड फुटावर पीआयआर. दिवा पिवळा ५ वॅटचा, तोही खालीच, म्हणजे डोळ्यांत न जाता फरशीवर उजेड पडतो. सासूबाई दारातून पाय बाहेर टाकतात तेवढ्यात लागतो. शिवाय पलंगाखाली सेलवर चालणारी सेन्सरची पट्टी चिकटवली.

दोन गोष्टी चुकल्या. पट्टी नऊ दिवसांत मेली. कारण कळायला वेळ लागला: पलंगाखाली दिवसाही अंधार, त्यामुळे तिला कायम रात्रच वाटायची आणि झाडू मारताना, नातू खेळताना, प्रत्येक वेळी ती पेटायची. आता पलंगाच्या पायाला बाहेरच्या बाजूने लावलीय, दिवसाचा उजेड तिच्यावर पडतो आणि ती गप्प बसते.

दुसरी चूक मोठी. चौथ्या दिवशी दिवा लागेचना. सेन्सरला मिळणारी वीज पॅसेजच्या त्याच जुन्या बटणातून जात होती आणि सासूबाई संडासातून परतताना सवयीने ते बटण बंद करत होत्या. सांगून उपयोग नाही, चाळीस वर्षांचा हात आहे. वायरमनने सेन्सरला सरळ वीज दिली आणि ते बटण समांतर जोडलं, म्हणजे ते चालू केलं तर दिवा कायम लागतो, बंद केलं तर सेन्सर आपलं काम करतो. आता त्या खुशाल बटण बंद करतात. मिनिटभराने दिवा विझतो, आणि आपणच विझवला असं त्यांना वाटतं.

लाईट जाऊन आली की मात्र सेन्सर आधी मिनिटभर उगाच दिवा लावतो. पहिल्यांदा घाबरलो होतो.

मिरज_वायरमन
ते बरोबर हाय. वीज आली की त्याला खोलीचा अंदाज घ्यायला अर्धा-एक मिनिट लागतंय. समांतर बटणाचं काम चांगलं केलंय तुमच्या वायरमननं, त्याला चहा पाजा.

बत्तीस_शिराळा
ताई, ती सेलची पट्टी घेताना काय बघायचं? आईच्या खाटेला लावतो.

कृष्णाकाठची
उजेड पिवळा घ्या, पांढऱ्याने त्यांची झोप उडते. आमच्या पट्टीत बारीक चार सेल लागतात, चार्जिंगवालीही मिळते, पण चार्ज करायची आठवण कोण ठेवणार ते आधी ठरवा. खाट लोखंडी असेल तर चुंबकाची पट्टी मागा. आमच्या लाकडी पलंगाला चिकटपट्टीने लावली होती, ती दमट हवेत दोनदा सुटली. शेवटी दोन खिळे मारून सुतळीने बांधलीय.